भुलीच्या डॉक्टरांचा एकच प्रश्न

आमच्या ऑपरेशन थिएटरात 'घाबरू नका' असं म्हणायला बंदी होती. बोर्डबिर्ड काही नव्हता, पण कुणी पेशंटला तसं म्हटलं की डोक्याशी स्टुलावर बसलेले बोरुडे सर मास्कच्या वरून असे बघायचे की म्हणणाऱ्याचीच घाबरगुंडी उडावी. मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "सिस्टर, कुणी 'घाबरू नका' म्हटल्यावर तुमची भीती आजवर कधी गेलीय? एकदा तरी?" मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "सर, मला कुणी तसं म्हणतच नाही. लोक मलाच घाबरतात." सर हसले नाहीत. मान डोलावून म्हणाले, "हं, तसं दिसतंय खरं." आणि पुढं नऊ वर्षं आमचं छान जमलं.

डॉ. सदानंद बोरुडे. नगर शहराबाहेर एका ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, तिथं ते भूल देणाऱ्या विभागाचे प्रमुख. (गावाचं नाव आता अहिल्यानगर झालंय, कागदावर मीही तेच लिहिते, पण तोंडात नगरच येतं, त्याला माझा इलाज नाही.) मी रूथ पाटोळे, ऑपरेशन झाल्यावर पेशंटला आधी जिथं आणतात त्या रिकव्हरी रूमची सिस्टर. सर दिसायला अगदी बेताचे. बुटके, काळेसावळे, पँट पोटाच्या बरीच वर चढवलेली आणि भर मे महिन्यात अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, कारण थिएटरचा एसी. खिशाला दोन पेन. एक लिहायचा, एक द्यायचा. द्यायच्या पेनाचं टोपण ते स्वतःजवळ ठेवून घेत. "उघडा पेन कुणी खिशात घालत नाही, सिस्टर. शर्ट खराब होतो. झक मारत परत आणून देतात." एवढ्या माणसांच्या हॉस्पिटलात ज्याचा पेन कधी हरवला नाही असा हा एकच डॉक्टर मी बघितला.

पेशंट त्यांना 'भुलीचे डॉक्टर' म्हणत, तेही आठवण राहिली तर. सरांची यावर एक कायमची तक्रार होती आणि ती ते मोठ्या आनंदानं करत. "पेढे सर्जनला मिळतात. आम्ही पेशंटजवळ सगळ्यात जास्त वेळ बसतो, पण त्या वेळी तो झोपलेला असतो. जागा झाला की विचारतो, हे कोण?" सर्जननं पेढे वाटले की मात्र दोन घ्यायचे. एक हक्काचा आणि एक भरपाईचा.

'घाबरू नका' म्हणायचं नाही, तर मग म्हणायचं काय? सर स्वयंपाकाचं विचारायचे. बाई टेबलावर आडवी झाली, छाती धडधडतेय, वरचा तो मोठा दिवा बघून डोळे पांढरे झालेत, आणि हे शांतपणे विचारणार, "ताई, शेंगोळे करता येतात का हो तुम्हाला? आमच्या घरी दर वेळी फुटतात." शेवगावकडची एक बाई होती, पित्ताशयाचं ऑपरेशन. ती आपलं सगळं भ्यायचं विसरून सांगायला लागली. हुलग्याचं पीठ घ्यायचं, लसूण-मिरची वाटून घालायची, वाईच तेल, मग पीठ मळायचं… आणि 'मळायचं' म्हणता म्हणता झोपली. दीड तासानं माझ्या खोलीत तिनं डोळे उघडले. नवरा कुठाय नाही, दुखतंय नाही, पहिलं वाक्य काय, तर "घट्ट मळायचं, सैल झालं तर फुटत्यात." सर पळत आले. वहीत ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मला वाटलं, बायकोसाठी लिहिताहेत. तर म्हणे, "जिथं तुटलं तिथूनच धागा उचलला बघा. मेंदू नीट जागा झाला. यापेक्षा चांगली तपासणी कुठल्या मशीनवर होते, सांगा मला." अशा वह्या त्यांच्याकडं ढीगभर. अर्ध्या पाककृती, तारीख, वेळ, आणि उरलेली पाककृती.

त्यांना प्रत्येक गोष्ट मोजून हवी असायची, पण मोजपट्टी समोरच्या माणसाच्या घरातली पाहिजे, हा हट्ट. दुखणं किती आहे ते आम्ही पेशंटला शून्य ते दहा अशा आकड्यात विचारतो. सगळ्या जगात तसंच विचारतात. हर्नियाचे एक म्हातारे बाबा होते, त्यांना मी विचारलं, "बाबा, दहात किती दुखतंय?"

"दहा काय?"

"दुखणं हो."

"दुखनं एकच हाय की बाई. दहा कुठनं आनू?"

मी कपाळाला हात लावला. सर शेजारच्या खाटेपाशी होते, ते वळून म्हणाले, "बाबा, सकाळी सोळा आणे दुखत होतं असं धरू. आता किती?" बाबा लगेच म्हणाले, "बारा आने गेलं. चार आने ऱ्हायलंय." झालं! त्या दिवसापासून म्हाताऱ्यांना आण्यांत विचारायचं आणि कागदावर दहात बसवायचं, हे लिगाड माझ्या गळ्यात पडलं. तरण्या पोरांना आणे कळेनात, म्हणून त्यांना मोबाईलच्या भाषेत, "दुखण्याची बॅटरी किती उरलीय?" पोरं फडाफडा सांगायची. आण्यांचे आकडे आणि बॅटरीचे आकडे एकाच रकान्यात लिहायचे नाहीत, याबद्दल मात्र सरांनी मला एकदा भर ओपीडीत झापलं होतं. मी दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी रकाने वेगळे केले, कारण त्यांचं बरोबर होतं.

कॅज्युअल्टीचा किस्सा तर आजही कँटीनमध्ये सांगतात. एकदा नागापूरच्या एमआयडीसीतून एक कामगार आणला, यंत्रात हात गेलेला, रक्ताची धार लागलेली. तो वाचला. सगळे खूश. सरांना मात्र चैन पडेना. गेटपासून ऑक्सिजन लावेपर्यंत किती वेळ गेला, ते कुणालाच सांगता येईना. मी म्हटलं, "गेली असतील दोन मिनिटं." "असतील म्हणजे?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी स्वतः गेटवर स्ट्रेचरवर आडवे झाले, हातात स्टॉपवॉच, आणि वॉर्डबॉयला म्हणाले, "मी बेशुद्ध आहे. ने." आता त्या बिचाऱ्यानं सवयीनं चादर घातली, ती जरा जास्तच वरपर्यंत गेली. बघणाऱ्यांनी बघितलं. पाच मिनिटांत हॉस्पिटलभर झालं की बोरुडे सर गेले. कँटीनवाल्यानं गॅस बंद करून वडे तळायचे थांबवले. सर आठवडाभर असे रोज मरत होते. शेवटी त्यांना सापडलं की वेळ जातो तो कॅज्युअल्टीच्या दारात. दारावर देवाचा फोटो, फोटोखाली चपलांची मांडणी. त्यामुळं पेशंट रक्तबंबाळ असला तरी वॉर्डबॉय आणि नातेवाईक दारात स्ट्रेचर थांबवून आधी चपला काढायचे. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण मीसुद्धा काढायचे! 'चपला घालून आत या' असा बोर्ड लावला. लोक चपला काढून, हातात घेऊन, बोर्ड वाचायचे. मग सरांनी मांडणी उचलून पार कँटीनजवळ नेली आणि देवाचा फोटो मानानं आतल्या भिंतीवर लावला. दार मोकळं झालं.

पण हे सगळे त्यांचे फावल्या वेळचे उद्योग. सरांच्या मनात खरा प्रश्न एकच होता, आणि तो तीस वर्षं जुना.

सिझेरियनला कमरेत इंजेक्शन देऊन भूल देतात. बाई जागी असते. बाळ बाहेर येतं, रडतं, सगळं छान होतं, आणि बऱ्याच बायका कुडकुडायला लागतात. साधं शहारणं नाही. दात वाजतात, टेबल हलतं. बाळ जवळ दिलं तर हातात धरवत नाही. सरांची मुलगी झाली तेव्हा त्यांच्या बायकोचं हेच झालं होतं. पोर समोर धरलेली, आणि ही थरथरतेय, घेताच येईना. "मी तिथंच उभा होतो, सिस्टर. नुकताच पास झालेला भूलतज्ज्ञ. आणि मला काही म्हणजे काही करता येईना," हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, चहाचा कप धुताना, पाठमोरे.

सलाईनची बाटली शरीराइतकी कोमट करून लावली तर हे कुडकुडणं कमी होतं का, हा तो प्रश्न. मी म्हटलं, "पुस्तकात असेल की लिहिलेलं." म्हणाले, "आहे ना. पण पुस्तकातलं थिएटर वेगळं, आपलं वेगळं. आपल्याकडं बाटल्या कोमट ठेवायचं कपाट एकच आहे. तालुक्याच्या दवाखान्यांत तेही नाही. इथं, आपल्या बायकांना फरक पडतो असं दिसलं तर मी त्या दवाखान्यांसाठी भांडेन. नाही दिसलं तर गप्प बसेन. पण मला कळलं पाहिजे." निवृत्तीला दोन-सव्वादोन वर्षं राहिली होती. जायच्या आत हे एक उत्तर त्यांना हवं होतं, दुसरं काही नको होतं.

अशा अभ्यासाचे नियम कडक. कुठल्या बाईला कोमट बाटली आणि कुठलीला साधी, हे कुणी मनानं ठरवायचं नाही. चिठ्ठीवर ठरणार, आणि चिठ्ठ्या आधीच बंद पाकिटांत घालून नंबर टाकलेल्या. लाल ठिपका म्हणजे कपाटातली कोमट, पांढरा म्हणजे फळीवरची साधी. टेक्निशियननं पाकीट उघडायचं, मावशीनं ठिपका बघून बाटली आणायची, बाटलीवर कापडी पिशवी चढवायची आणि टेक्निशियननं ती लावायची. सरांना कळता कामा नये आणि मला तर नाहीच, कारण कोण किती कुडकुडतंय ते लिहिणारी मी. मला माहीत असलं तर माझा हात आपोआप कमी-जास्त लिहील, असं सरांचं म्हणणं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू! म्हटलं, "सर, माझ्यावर विश्वास नाही?" म्हणाले, "माझ्या स्वतःवर नाही, तर तुमचं काय घेऊन बसलात."

संमतीपत्र म्हणजे तर सोहळाच. बाकी ठिकाणी 'इथं सही करा' म्हणतात आणि मोकळे होतात. सर स्टूल घेऊन खाटेशी बसणार, बाईला, नवऱ्याला, सासूला, सगळ्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगणार. एक सासूबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हंजी दोन्हीतलं चांगलं कोनतं ते तुमालाच म्हाईत न्हाई, म्हनून आमच्या सुनंवर बघता. व्हय ना?" मी म्हटलं, आता झाली सही! सर मात्र उठून उभेच राहिले. "अगदी बरोबर! आजी, एवढं नेमकं अभ्यासाला परवानगी देणाऱ्या आमच्या कमिटीलासुद्धा सांगता आलं नव्हतं." सासूबाईंनी सुनेला खूण केली, "कर गं सही. ह्यो खरं बोलतोय."

आता लंका मावशी. थिएटरच्या मावशी, शेवगावजवळच्या एका वाडीवरच्या, बाटल्या आणणाऱ्या त्या ह्याच. मावशी म्हणजे हाताला विसावा नाही आणि तोंडालाही नाही. बाळंतिणीवर त्यांचा भारी जीव. कुणाचे कान उघडे दिसले की स्वतःचा स्कार्फ काढून बांधतील. दीड वर्ष पाकिटं उघडत होती, माझे कागद भरत होते. मार्च उजाडला तेव्हा थोड्याच बायका राहिल्या होत्या आणि सरांची निवृत्ती ऑगस्टअखेर. सगळं वेळेत बसत होतं. सर थिएटरात शीळ वाजवायला लागले होते, बेसूर.

त्यातच मावशींची लेक बाळंत झाली. मावशी तीन आठवडे रजेवर गेल्या, जागी दुसरी बाई आली. आणि माझ्या खोलीत एकाएकी बायका कुडकुडायला लागल्या. आधीही अधूनमधून असायचं, पण आता दिवसाआड! मी सहज म्हणून गेले, "सर, या पंधरवड्यात काय झालंय कोण जाणे, पांघरुणं पुरेनात." मी पुढच्या कामालाही लागले होते. सर जागचे हलले नाहीत. मग त्यांनी एसीची नोंदवही बघितली, औषधाच्या बाटल्यांचे नंबर बघितले, इंजेक्शन कोणी दिलं ते बघितलं. सगळं पहिल्यासारखंच. "काय बदललं, सिस्टर? काहीतरी बदललंय." मी गमतीत म्हटलं, "मावशी तेवढ्या नाहीत."

मावशी परत आल्या त्या नातवाचे पेढे घेऊन. सरांनी दोन पेढे घेतले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "लंकाबाई, पांढरा ठिपका आला की तुम्ही काय करता?"

मावशींनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून, कौतुकानं सांगितलं, "तुमाला म्हनून सांगते सर. पांढऱ्या ठिपक्याच्या बाटल्या मी सकाळीच सोलरच्या गरम पान्यात बादलीत ठिवते. ठिपका निघाला की पुसून, कोरडी करून मगच पिशवीत. आवं, कच्ची बाळंतीन, तिच्या अंगात गारढोन पानी सोडायचं? आमच्यात बाळंतिनीला आठ दिस गार पान्याचा थेंब लावत न्हाईत. पाकिटात काय बी निघू द्या, मी कुनाला गार बाटली जाऊ दिली न्हाई. एकीला बी न्हाई."

दीड वर्ष. लाल ठिपका कोमट, पांढरा ठिपकाही कोमट. सगळ्या पाकिटांत एकच उत्तर. टेक्निशियनला विचारलं, पिशवीतून बाटली हाताला कोमट लागत नव्हती का रे तुला? तर म्हणे, मला वाटलं उन्हाळा आहे. थिएटरात! एसीत!

मी मावशींवर अशी तुटून पडले की आता आठवलं तरी लाज वाटते. त्या बाईच्या हातात अजून पेढ्यांचा पुडा होता. सर वळले, खाली गेले, स्कूटर काढली आणि डबा न खाता घरी गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा दिवस संपायच्या आत गेले.

मोठ्या साहेबांना, म्हणजे आमच्या अधीक्षकांना, दुपारीच कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं, कागद दाखवायला मीही होते. साहेब वाईट माणूस नव्हे, पण व्यवहारी. म्हणाले, "बोरुडे, तुम्ही पाच महिन्यांत निघालात. कोमट आणि साधीत फरक दिसत नाही, असं लिहा आणि संपवा. कुणाला कळणारे? आणि त्या बाईला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा."

सरांनी खिशातून लिहिलेलं पत्र काढलं. रात्रीतून लिहिलेलं दिसत होतं. कमिटीला कळवत होते की अभ्यास रद्द समजावा, आतापर्यंतचे सगळे कागद बाद, नव्यानं सुरू करायला परवानगी द्यावी. आणि चूक कुणाची, तर स्वतःची. साहेब म्हणाले, "तुमची कशी? बादली तिची."

"साहेब, मी प्रत्येक बाईला समजावून सांगितलं. तिच्या नवऱ्याला सांगितलं, सासूला सांगितलं. टेक्निशियनला सांगितलं, या सिस्टरना सांगितलं. बाटली जिच्या हातातून जाते त्या बाईला मी फक्त 'लाल तिकडची, पांढरी इकडची' एवढंच सांगितलं. का, ते सांगितलंच नाही. मला वाटलं, तिला काय करायचंय." त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. "तिनं तिला जे माहीत होतं त्याप्रमाणं नीट काम केलं. मी केलं नाही. तिला काढायचं असेल तर आधी मला काढा."

साहेब चिडले, पण पत्र पुढं गेलं. मी बाहेर येऊन म्हटलं, "सर, आता तुमच्या हातून हे पुरं होत नाही." म्हणाले, "नाही होत." एवढंच. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं की मी सरळ जाऊन औषधाचं कपाट लावत बसले.

कमिटीची परवानगी आली त्या दिवशी सर स्टूल घेऊन मावशींसमोर बसले. संमतीपत्र अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं, एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाला दाखवावं तसं. मावशी मान खाली घालून, पदर सावरून ऐकत होत्या. पेढ्यांच्या दिवसापासून त्यांचं तोंड बंद होतं, ते मग हळूच उघडलं.

"पन सर, येखादीला उगंच थंडी वाजंल, त्याचं काय?"

"वाजेल. तसं तिला आपण आधी सांगतो. वाजली की सिस्टर लगेच पांघरूण घालतात, मी औषध देतो. पण लंकाबाई, बाटली गरम केल्यानं थंडी थांबते, हे तुम्हाला नक्की माहीत आहे?"

"समद्यांनाच म्हाईत हाय की."

"मला नाही माहीत."

मावशींनी मान वर केली. "तीस वर्सं भूल देऊन न्हाई म्हाईत?"

"नाही."

मावशी पदर खोचून उठल्या. "मंग बघाया पायजे," म्हणाल्या. बादली उचलली आणि कपडे धुणाऱ्या बाईला देऊन टाकली.

पाकीट नंबर एकपासून पुन्हा सुरू झालं. आता मावशींचं काम बघण्यासारखं. पाकिटातला ठिपका बघताना पाठ करून उभ्या राहायच्या, पिशवी चढवल्यावर दोरी दोनदा बांधायच्या. मी चुकून जवळ गेले तर, "शिस्टर, लांब व्हा. तुमी लिवनाऱ्या हायसा." माझ्याच खोलीतून मला हुसकून लावायच्या!

ऑगस्ट संपला तेव्हा अभ्यासाची जेमतेम सुरुवात झाली होती. पुढचं काम सरांच्या जागी आलेल्या नव्या मॅडमनी हाती घेतलं आणि चोख केलं. सगळी पाकिटं संपून हिशेब जुळवला त्या दिवशी उत्तर आलं: पडतो, कोमट बाटलीनं फरक पडतो. सर ज्यासाठी भांडणार होते ती कपाटं आता मॅडम मागताहेत. पण ते उत्तर ऐकायला सर नव्हते. निवृत्तीनंतर वर्षाच्या आतच, पुण्याला मुलीकडं असताना, हृदयविकारानं गेले. नगरला आणलं तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. मी कधी कुणासमोर रडत नाही. त्या दिवशी रडले, हमसून हमसून. एकच प्रश्न विचारला होता हो त्या माणसानं!

पण मी डोळ्यांपुढं आणते ते निवृत्तीच्या दिवशीचे सर. सभागृहात निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. सर्जननं पेढे वाटले. चारच्या सुमाराला सर हातात हार घेऊन माझ्या खोलीच्या दारात आले. मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या. सरांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि चोरटा आवाज काढून म्हणाले, "लंकाबाई, आता मी इथला कुणी नाही. खरं सांगा. साध्या बाटलीवाल्या जास्त कुडकुडतात ना?"

बाटली समोरून जाताना मला भिंतीकडं तोंड करायला लावणारा माणूस हा!

मावशींनी घडी घालायची थांबवली नाही. "ते पाकिटात हाय, सर."

"अंदाज तरी?"

"अंदाज सांगायचा न्हाई, असं तुमीच वाचून दावलंय. मी सांगनार न्हाई. मोठ्या सायबाला न्हाई, आन तुमाला तर मुळीच न्हाई."

सर काहीतरी बोलणार, तेवढ्यात थिएटरचं दार उघडलं आणि सिझेरियन झालेल्या बाईची ट्रॉली बाहेर आली. वर पिशवी चढवलेली बाटली टांगलेली. दारात सर उभे. मावशी पुढं झाल्या, एका हातानं ट्रॉली धरली आणि म्हणाल्या, "सर, वाट सोडा. आन तोंड तिकडं करा. बाईकडं बघू नका."

आणि बोरुडे सर, तीस वर्षं भूल दिलेले डॉक्टर, विभागाचे प्रमुख, हातात तो झेंडूचा हार घेऊन निमूट भिंतीला चिकटले आणि भिंतीकडं तोंड केलं. ट्रॉली त्यांच्या पाठीमागून माझ्या खोलीत गेली, मावशींनी आतून पडदा ओढून घेतला, तरी ते वळले नाहीत. खांदे गदागदा हलत होते. हसत होते. इतके खूश मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं.